तिशीची अट विसरू नका

‘ब्रिटनमध्ये १९१८ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास छापले जाते. ते अर्धवट आहे. त्या कायद्याने पुरुषाला सर्वसाधारणपणे २१व्या वर्षी मत दिले. स्त्रीला मात्र तिशी गाठावी लागे, वर तिच्या किंवा नवऱ्याच्या नावे घर-मालमत्तेची अट. म्हणजे महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या कितीतरी तरुणी बाहेरच! गंमत अशी की, त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने २१ वर्षांची स्त्री खासदारकीला उभी राहू शकत होती, पण मत देऊ शकत नव्हती. बरोबरीचा हक्क यायला १९२८ उजाडले. अर्थात, १९१८पूर्वी सुमारे ४० टक्के प्रौढ पुरुषही मतदार नव्हते, हेही कुणी सांगत नाही.

– एक वाचक, सातारा