झेनच्या बोनेटखाली एस्टीमचे इंजिन बसवून देणाऱ्या वस्तादांना

आदरणीय वस्ताद,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोडवरून जाताना तुमच्या गॅरेजचे शटर खाली ओढलेले दिसले. शेजारच्या लेथवाल्यांनी सांगितले, की तुम्ही संक्रांतीनंतर काम थांबवले आणि पाने मुलाच्या हवाली केले. १९९९ मध्ये तुम्ही माझ्या वडिलांच्या पांढऱ्या मारुती झेनमध्ये तिच्याहून मोठ्या मारुती एस्टीमचे इंजिन बसवून दिलेत. मजुरी मी तेव्हाच चुकती केली होती, पण आभार मानायला तोंड उघडले, की तुम्ही ऑइल कधी बदलले ते विचारत असा. म्हणून आज हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. तुम्ही काय केलेत, यापेक्षाही काय करायला नकार दिलात, हे मला त्यात नोंदवायचे आहे.

त्या मार्चमध्ये विजापूर रोडवर रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, फुटला. काटा तांबड्यात गेल्याचे वडिलांच्या लक्षात येईपर्यंत गाडी दोन-तीन किलोमीटर चालली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाला तेवढे पुरले. सिलिंडरवरचे हेड वाकले, सिलिंडरला ओरखडे पडले, आणि दुरुस्तीपेक्षा इंजिन बदलणे बरे असे सर्वांचे मत पडले. चार माणसे आणि एसी घेऊन मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढताना झेनची होणारी दमछाक घरात सर्वांना ठाऊक असल्यामुळे बदलायचेच तर मोठे का नको, असा विचार पुढे आला. एका गॅरेजने दोन दिवसांत काम करून देण्याची तयारी दाखवली. त्यांचे सगळे बोलणे माझ्या भावाशी चालले होते, ज्याला गाडी चालवता येत नव्हती. तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न मला विचारलात, की गाडी कोण चालवणार. मी म्हटले, यापुढे मी. त्यानंतरचे चार महिने तुम्ही प्रत्येक गोष्ट मलाच समजावून सांगितलीत, आणि बाई म्हणून सोपे करून नव्हे, तर मालक म्हणून पूर्ण सांगितलीत.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, तरीही ९९३ आणि १२९८ सीसी या दोन आकड्यांमागे काय आहे ते मला तुमच्या फरशीवरच्या खडूने कळले. दोन्ही इंजिने सुझुकीच्या एकाच कुळातली, दोन्ही चार सिलिंडरची. झेनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे त्यातल्या दट्ट्याची वर-खाली धाव, ६१. एस्टीमचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. घरी जाऊन मी हिशेब मांडला, तेव्हा वाढलेल्या ३०५ सीसींपैकी जेमतेम ५५-५६ बोअरमुळे येतात आणि बाकी सगळ्या स्ट्रोकमुळे, हे पाहून मला फार आनंद झाला होता. स्ट्रोक लांबला म्हणजे दट्ट्या ज्याला फिरवतो त्या क्रँकचा हात लांबला, म्हणून कमी फेऱ्यांतही ओढ मिळते. कागदावर ५० ऐवजी ६५ अश्वशक्ती होणार होती, परंतु घाटात कामी येते ती ही ओढ, असे तुम्ही सांगितलेत आणि ते खरे ठरले.

अपघातात मागून चेपलेली एस्टीम आम्ही पुण्याहून कागदपत्रांसह घेतली. तिच्या चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासून झाल्यावर, इंजिन आता लगेच बसेल असे मला वाटले. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘बाई, इंजिन चार दिवसांत बसंल. त्याच्याआधी गाडी थांबायला शिकू द्या.’’ मग इंजिन ताडपत्रीखाली झाकून ठेवलेत आणि पुढचे तीन आठवडे फक्त ब्रेकचे काम केलेत. झेनचे ब्रेक झेनच्या वजनासाठी आणि झेनच्या वेगासाठी बनलेले होते. गाडी ६० ऐवजी ८० च्या वेगाने धावू लागली, तर तिला थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोनपटीहून जास्त होते. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, पण ते माझ्याच गाडीला लागू होते हे मला सुचले नव्हते. एस्टीमच्या पुढच्या ब्रेकचा संपूर्ण संच, पायाचा जोर वाढवणारा तिचा बूस्टर आणि तो जोर ब्रेक ऑइलवाटे चाकांकडे पोचवणारा मास्टर सिलिंडर तुम्ही झेनला बसवलात, जुने पाइप बदललेत, आणि नाकावर वजन वाढणार म्हणून पुढच्या स्प्रिंगाही एस्टीमच्याच घातल्यात. जुन्या, छोट्या इंजिनाने गाडी हलती असती, तर तुम्ही तेवढ्यावर मला महिनाभर चालवायला लावली असती, अशी माझी खात्री आहे.

ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाके फिरवणाऱ्या दांड्यांच्या, बाबतीत तुम्ही दिलेला नकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. गिअरबॉक्स एस्टीमचा, चाके झेनच्या मापावर, त्यामुळे कोणताच शाफ्ट लांबीला बसेना. शाफ्ट कापून मध्ये वेल्डिंग करून घ्यावे, सगळे तसेच करतात, असे दोघा-तिघांनी सुचवले. पिळाचा सगळा भार ज्या दांड्यावर येतो त्याला वेल्डिंगचा सांधा देणार नाही, असे म्हणून तुम्ही मापाचे पोलादी दांडे एमआयडीसीतल्या कारखान्यातून नवे करून घेतलेत, त्यांवर स्प्लाइनच्या खाचा पाडून, उष्णोपचार करून. पाच आठवडे त्यात गेले आणि तेव्हा मी चिडलेही होते. त्या चिडण्याबद्दल आज क्षमा मागते.

माउंटिंगचे, म्हणजे इंजिनाला चासीवर धरून ठेवणाऱ्या रबर लावलेल्या आधारांचे, काम मात्र पाहत राहावे असे होते. तरुणपणी तुम्ही गिरणीत फिटर होतात, हे मला तेव्हा कळले. आधी पुठ्ठ्याचे फर्मे कापायचे, ते इंजिन आणि चासी यांच्यामध्ये धरून पाहायचे, मग पत्र्याचे, आणि शेवटी जाड पट्टीचे. इंजिन जरा जरी तिरके बसले तर शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो, त्यावरची रबरी आवरणे फाटतात आणि सांधा वर्षभरात खडखडू लागतो, म्हणून तुम्ही ओळंबा लावून बसला होतात. इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर तुम्ही मडगार्डवर तळहात ठेवून डोळे मिटलेत आणि डावीकडचे रबर कडक आहे असे सांगितलेत. शंभर मागांच्या हादऱ्यांतून एका मागाचा बिघाड ओळखणाऱ्या हाताला ते कळले असणार.

थंड ठेवण्याच्या व्यवस्थेबद्दल सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश पाण्यावाटे बाहेर काढावी लागते, आणि उन्हाळ्यात बाहेरची हवाच चाळीस अंशांच्या वर असते. तुम्ही नळ्यांच्या दोन ओळींचा रेडिएटर बनवून घेतलात आणि पंख्याला स्वतंत्र रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, दिलात. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट काढून टाका म्हणजे गाडी तापणार नाही, हा आपल्याकडचा सर्रास दिला जाणारा सल्ला तुम्ही मानला नाहीत. इंजिन गरजेपेक्षा थंड राहिले तर पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर झिजतात, हे तुमचे म्हणणे होते. एअर क्लीनरचे झाकण बोनेटला घासत होते, सायलेन्सरचा पाइप नव्याने वाकवावा लागला, अशी किरकोळ कामे पुढे आठवड्याभरात उरकली. स्पीडोमीटर तपासायला आपण हैदराबाद रोडवर गेलो होतो. काटा साठवर स्थिर ठेवून मैलाच्या दगडांमधली सेकंदे मी मोजत होते, आणि तुम्ही शेजारी बसून फक्त आवाज ऐकत होतात.

कागदपत्रांचा आग्रहही तुमचाच. त्या काळी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल करायचा तर नोंदणी प्राधिकरणाला कळवून मंजुरी घ्यावी लागे. मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय तुम्ही जुने इंजिन उतरवले नाहीत. आरसी बुकात नवा इंजिन क्रमांक आणि सीसी चढली, विमा कंपनीला कळवले, वाढीव हप्ता भरला. पुढे २००० सालच्या दुरुस्तीने हे कलम कडक झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येणार नाहीत असे स्पष्ट केले. त्यामुळे हे वाचून कोणा तरुणाला उत्साह आला, तर त्याने गॅरेजआधी आरटीओत चौकशी करावी, असे तुम्हीच सांगितले असते. आमची गाडी नूतनीकरणाच्या तपासणीला जाते, तेव्हा तो जुना कागद अजूनही बरोबर असतो.

आता जे तुम्हाला कधीच सांगितले नाही ते सांगते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, उसाचा हंगाम जोरात असताना, तुळजापूरहून परत येताना घाट उतरून आम्ही सपाटीला लागलो होतो. अंधार पडला होता. आई शेजारी, मागे वहिनी आणि तिच्या मांडीवर आठ महिन्यांची भाची. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे बाजूला झाले आणि पुढ्यात उसाची ट्रॉली उभी दिसली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, कुठेही न ओढता थांबली. उसाची वाढी बोनेटच्या वर आली होती, काचेपासून हातभर अंतरावर. भाची उठलीसुद्धा नाही. मी खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले, तेव्हा मला ताडपत्रीखाली झाकलेले इंजिन आणि ते तीन आठवडे आठवले. दोन दिवसांत मोठे इंजिन बसवून मिळाले असते, तर त्या रात्री मी जुन्याच ब्रेकवर पाय ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे येऊन सांगायचे ठरवले होते. आलेही होते. तुम्ही कोणाचा तरी गिअरबॉक्स उघडून बसला होतात, मला चहा मागवलात, आणि माझ्याने बोलवले नाही. भाची आता स्वतः गाडी चालवते. झेनवर शिकूनच तिने परवाना काढला.

वस्ताद, तुमच्या पुठ्ठ्याच्या फर्म्यांपैकी एक मी तेव्हा मागून घेतला होता. तो माझ्या कपाटात आहे, त्यावर तुमच्या हाताने पेन्सिलीने लिहिलेली मापे अजून वाचता येतात. तुमच्या मुलाला तो उपयोगी पडणार असेल तर त्याला देईन, नाहीतर माझ्याजवळच राहू द्यावा अशी विनंती आहे.

येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन घरी येते. गाडी उभी असताना, इंजिन सावकाश चालू असले की डावीकडून हलकी घरघर येते. रबर पुन्हा कडक झाले असावे असे मला वाटते, पण मडगार्डवर हात ठेवून तुम्ही सांगाल तेच खरे.

आपली कृतज्ञ,
पांढऱ्या झेनवाल्या बाई
सोलापूर