लेव्हल बाटली पाठवतोय

सांगली

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

किचनमधली फळी तिरकी बसली म्हणालीस, म्हणून गणपती पेठेतून छोटी लेव्हल बाटली, म्हणजे आडवी सपाटी बघायचं बुडबुड्याच्या नळीचं साधन, घेतली. नऊ इंची, ॲल्युमिनियमची, खालच्या कडेला लोहचुंबक. प्लॅस्टिकची स्वस्त होती, पण कडच सरळ नसेल तर आतल्या बुडबुड्याचा काय उपयोग?

दुकानात पारखूनच घेतली. काउंटरवर ठेवली, बुडबुडा रस्त्याच्या बाजूला किंचित सरकला. मग त्याच जागी टोकं अदलाबदल करून ठेवली. तरीही तो रस्त्याकडेच आणि तेवढाच सरकला, म्हणजे काउंटर तिरका, बाटली खरी. आधीच्या एकीत फिरवल्यावर बाजू बदलत होती. ती परत केली. "काका, एवढं कोण बघतं?" दुकानदार म्हणाला. बघावं लागतं. तुझ्या हातून कधी पडली तर हीच परीक्षा पुन्हा घे.

आता फळीचं. तू जमिनीपासून टेपने दोन्हीकडे सारखं माप घेतलंस ना? तिथेच गडबड. फरशीलाच उतार असतो, बाल्कनीच्या दाराशी तर हमखास. एका टोकाचं भोक पक्कं कर, फळी धर, तिच्या मध्यावर बाटली ठेव आणि बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की दुसरी खूण कर. बघताना डोळा नळीच्या अगदी समोर हवा, तिरकं पाहिलंस तर बुडबुडा सरकलेला दिसतो. चार फुटांची फळी असेल तर नऊ इंचांवर विसंबू नकोस. एखादी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फळीवर उभ्या कडेने ठेव, बाटली तिच्यावर.

मोबाईलमध्येही लेव्हल असते म्हणशील. असते, पण मागे कॅमेऱ्याचा उंचवटा, कडेला बटणं. तो सपाट बसणार कुठे?

वॉशिंग मशीनला मात्र ही आधी लाव, एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे. पाय फिरवून लेव्हल आली की चेकनट (पाय जागेवर पक्का धरणारा नट) घट्ट करायला विसरू नकोस, नाहीतर मशीन पुन्हा थरथरेल. फ्रिज जरा मागे कललेलाच बरा, दार आपोआप लागतं. बाथरूमची फरशी लेव्हलमध्ये नाही म्हणून घरमालकाशी भांडू नकोस हं, पाणी जाळीकडे जायला उतार लागतोच.

सोबत आईने भडंग दिलंय. भिंतीत ड्रिल मारण्याआधी मागून वायर गेलीय का ते विचारून घे.

तुझे,
बाबा