तेल कुठलं घातलंत?

ताई,

खरं तर 'मॅडम' म्हणायला हवं. समुपदेशनासाठी तुमच्याकडे आलो त्या पहिल्या दिवशी म्हटलंही होतं. पण त्या दुपारनंतर तोंडात ताईच बसलं, तेव्हा तेच राहू द्या.

मुलगा जाऊन चौदा महिने झाले. सतरा वर्षांचा होता. काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. लिहायचंय ते मागे उरलेल्या आम्हा तिघांविषयी. त्या वर्षात मुलापाठोपाठ मी नवराही गमावत चालले होते, आणि तो तर घरातच होता.

मी रडायचे आणि तो सायकल दुरुस्त करायचा. रोज रात्री मुलाची सायकल घेऊन बसायचा. चाक काढ, चाक लाव. मी आत उशीत तोंड खुपसलेलं आणि बाहेर फ्रीव्हीलची टिकटिक. एका रात्री बाहेर येऊन मी म्हणाले, "तुला काळीज आहे की नाही?" तो काही बोलला नाही. पाना खाली ठेवला आणि दिवा बंद केला. दुसऱ्या रात्री पुन्हा टिकटिक.

त्यानंतर आमचं बोलणं मुलीमार्फत चालायचं. "बाबांना सांग." "आईला विचार." वीस वर्षांची पोर. भेटायला येणारे तिच्या पाठीवर हात ठेवून सांगायचे, "आईबाबांना सांभाळ हं." तिचा भाऊ गेलाय हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. आमच्याही.

एक बाई तिच्यादेखत मला म्हणाल्या, "मुलगी तरी आहे तुम्हाला." त्या 'तरी'चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आणि जिच्याशी रोज बोलल्याशिवाय माझा दिवस सरत नसे, त्या मैत्रिणीचा फोन तिसऱ्या आठवड्यात बंद झाला. पुढे कधीतरी भेटली तेव्हा म्हणाली, "काय बोलावं तेच कळेना गं." खरंच कळत नसेल. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही करतही नाहीये.

तुमच्याआधी आम्ही आणखी एका समुपदेशकांकडे गेलो होतो. त्यांनी फळ्यावर दुःखाच्या पाच पायऱ्या लिहिल्या : नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?" नवरा गप्प. त्यांनी लगेच निदान केलं, "हे अजून नकारात आहेत." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. निकाल माझ्या बाजूने लागला होता ना! मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या अवस्था मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहणाऱ्यांनी चढायचा जिना म्हणून नव्हे, हे पुढे तुमच्याकडून कळलं. घरी येताना गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही.

आणि मग तुमच्याकडची ती दुपार. "कसं वाटतंय?" असं तुम्ही त्याला विचारलंच नाहीत. विचारलंत, "या आठवड्यात काय काय केलंत?"

तो म्हणाला, "सायकलच्या चेनला तेल घातलं."

मी तुमच्याकडे बघितलं. आता तरी यांना कळेल, हा माणूस कसा आहे ते. तुम्ही वहीत काही लिहिलं नाहीत. खुर्ची थोडी पुढे घेतलीत आणि विचारलंत, "तेल कुठलं घातलंत?"

ताई, चौदा महिन्यांत या माणसाला कुणी काही विचारलं असेल तर ते हे. तो बोलायला लागला. पातळ तेल घातलं, घट्ट तेलावर धूळ बसते. आधी चेन पुसून घ्यावी लागते. मागचा ब्रेक घासतो, मुलाने दोनदा सांगितलं होतं. आणि बोलता बोलता म्हणाला, "सीट वर करायची राहिली. उंची वाढली होती त्याची." पुढे त्याला बोलता आलं नाही. आपल्या मुलाची उंची वाढली होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नंतर तुम्ही मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट समजावून सांगितलीत. दुःखातला माणूस सारखा येरझारा घालत असतो, कधी गेलेल्याकडे तर कधी समोर पडलेल्या कामांकडे, आणि दोन्ही करावंच लागतं. एका घरातल्या दोघांच्या येरझारा मात्र एका वेळी होतीलच असं नाही. मी गेलेल्याकडे तोंड करून बसले होते. त्याला कामात पाहिलं की वाटायचं, हा पाठ फिरवून बसलाय. तो तर दोन्हीकडची वाट सायकलवरूनच काटत होता. हे मला दिसायला तेलाची चौकशी करणारं कुणीतरी लागलं.

हुशार माणसं पुष्कळ भेटली. धीर देणारी तर विचारूच नका, "खंबीर राहा" ऐकून कान किटले. पण समोरचा ज्यात गुंतलाय त्यात दोन मिनिटं मन घालणं हा साधा चांगुलपणा, तो फार थोड्यांकडे दिसला. त्याला काही पदवी लागत नाही. तुमच्याकडे ती होती, पण त्या क्षणी तुम्ही ती बाजूला ठेवली होतीत, असं मला वाटतं.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. भांडतो अजून. मुलगी मात्र आता निरोप पोचवत नाही, "तुमचं तुम्ही बोला" म्हणते. आणि मागच्या आठवड्यात एका रात्री तिने भावाबद्दल जे सांगितलं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिघंही हसलो, मग तिघंही रडलो.

परवा रात्री मी बाहेर जाऊन बसले. तो मागच्या ब्रेकची वायर ओढत होता. मला म्हणाला, "जरा उजेड धर." मी टॉर्च धरला. सीट अजून होती तेवढीच आहे. तो विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. हात भरून आला तेव्हा टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

तुमची,
त्या दुपारी तुमच्याकडे रागाने बघणारी