मिनिटं कागदावर लिहून घ्या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

समोरच्या काकूंच्या, आता इकडे बॉस्टनला येणाऱ्या नातवाबद्दल परवा फोनवर बोलणं झालं, पण असल्या गोष्टी तोंडी सांगितल्या की पुढे पोचेपर्यंत निम्म्या गळतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, त्याच्या आई-वडिलांना हे पत्रच वाचायला द्या.

आई, तुझा प्रश्न होता की ऑटिझम असलेल्या मुलाला बॉस्टनकडचं साधं पब्लिक हायस्कूल घेईल का, की वेगळी शाळा शोधावी लागेल. घेईल. नाही म्हणायचा अधिकारच शाळेला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1972 साली कायदा करून अपंग मुलांना सार्वजनिक शाळांची दारं उघडली. त्या कायद्याला इथले जुने शिक्षक त्याच्या क्रमांकावरून अजून नुसतं ‘सातशे सहासष्ट’ म्हणतात. देशभराचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, 1975 साली आला. इंग्रजी न येणाऱ्या मुलांचा हक्क 1974 च्या निकालाने मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा तो खटला होता. सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितलं. आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या वस्तीतल्या शाळेत नेणाऱ्या बसवर लोकांनी दगड फेकले. आज एकाच वर्गात हैतीची, केप व्हर्डेची, ब्राझीलची, व्हिएतनामची आणि आपली मुलं बसतात, ती या सगळ्या भांडणांनंतर.

तर प्रवेश सोपा आहे. जन्मदाखला, घराचा भाडेकरार किंवा विजेचं बिल, आणि लसीकरणाची नोंद एवढं लागतं. व्हिसा कोणता, हे शाळा विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या निकालानुसार त्यावरून प्रवेश नाकारताच येत नाही. आपल्याकडच्या मुलांचं अडतं ते लसींवर. कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस आणि सातवीपासून पुढे मेनिंजायटिसची लस इथे लागते. ही दुसरी लस आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली नसते. तिकडेच डॉक्टरांना विचारून घेता आली तर बरं.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा एक फॉर्म देतात. तिथे ‘मराठी’ लिहायचं. मुलाला खालच्या वर्गात टाकतील या धास्तीने आपले बरेच लोक ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. तसं होत नाही. ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते आणि मदत द्यायची की नाही ते त्यावरून ठरतं. शिवाय आई-वडिलांना दुभाषी हवा आहे का, हेही त्याच फॉर्मवर विचारलेलं असतं. दुभाषी फुकट द्यावाच लागतो. काकूंच्या सुनेचं इंग्रजी चांगलं असलं तरी मुलाची योजना ठरवण्याच्या मोठ्या बैठकीला मराठी दुभाषी मागावा, म्हणजे काकासुद्धा फोनवरून ऐकू शकतील. ‘हिंदी चालेल’ असं म्हणू नये. कायद्याचे शब्द अर्धवट कळणं महागात पडतं.

आता खरं काम. पुण्यातले रिपोर्ट आणि प्रमाणपत्र जरूर आणावं, इंग्रजी भाषांतरासकट. पण त्यावर इथली मदत आपोआप सुरू होत नाही, शाळा स्वतःची तपासणी करते. ती व्हावी म्हणून आई-वडिलांनी शाळेच्या स्पेशल एज्युकेशन विभागाला तारीख घालून चार ओळींचं पत्र द्यायचं: मुलाला ऑटिझम आहे, अमुक अडचणी दिसतात, सर्व बाबतींत तपासणी करावी. ईमेल चालतो. नुसतं तोंडी सांगण्यावर विसंबू नये. पत्र मिळाल्यापासून शाळेचे 5 दिवस संपायच्या आत संमतीचा फॉर्म यायला हवा. त्यावर सही केली की 30 शालेय दिवसांत तपासणी आणि 45 शालेय दिवसांत बैठक होऊन योजना हातात. सुट्ट्यांचे दिवस यात मोजत नाहीत. सप्टेंबरच्या मध्याला सही झाली तर बैठकीला थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरअखेरचा सण, उजाडतो. म्हणून शाळा उघडल्याच्या पहिल्याच दिवशी पत्र द्यावं. ‘आधी जरा रुळू दे, मग बघू’ असं कोणी प्रेमाने सांगितलं तरी थांबू नये, कारण त्या शब्दावर डिसेंबर जातो. तपासणीचे रिपोर्ट बैठकीच्या दोन दिवस आधी मागितले तर द्यावे लागतात. ते जरूर मागावेत. बैठकीत पहिल्यांदा पाहिलेल्या रिपोर्टवर काही बोलता येत नाही.

बैठकीतून जी लेखी योजना निघते तिला आयईपी म्हणतात. तिची बरीच पानं असतात, पण आई-वडिलांनी आधी उघडायचं ते सेवांच्या तक्त्याचं पान. त्यात ए, बी, सी असे तीन भाग असतात. ए म्हणजे शिक्षकांनी आपसात केलेली सल्लामसलत, त्यात मुलाला थेट काहीच मिळत नाही. बी म्हणजे नेहमीच्या वर्गात सगळ्यांबरोबर असताना मिळणारी मदत. सी म्हणजे वर्गाबाहेर काढून दिलेली. प्रत्येक ओळीत कोण देणार, किती वेळा आणि किती मिनिटं हे लिहिलेलं असतं. समजा, बीजगणित, स्पेशल एज्युकेशन शिक्षक, आठवड्यातून 5 वेळा, 50 मिनिटं, अशी ओळ बी मध्ये असेल तर त्या प्रत्येक तासाला दुसरा शिक्षक वर्गात असलाच पाहिजे. नसेल तर विचारता येतं. ‘गरजेनुसार’ हा शब्द मात्र अजिबात मान्य करू नये. गरज कधी होती हे नंतर कोणीच ठरवू शकत नाही, आणि मोजता न येणारी मदत वर्षाच्या मध्यापर्यंत विरून जाते.

तिथल्या तिथे सही करायची नाही. घरी आणून 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पूर्ण मान्य, पूर्ण अमान्य किंवा काही भाग अमान्य असंही लिहिता येतं, आणि मान्य केलेला भाग लगेच सुरू होतो. म्हणून एका मुद्द्यासाठी सगळं अडवून धरू नये.

बाबा, तुम्ही विचाराल की एका वर्गात दोन शिक्षक नेमकं करतात काय. चांगला वर्ग असेल तर मुलांचे तीन गट पडतात. विषयशिक्षक एका टेबलावर नवा भाग शिकवतात, म्हणजे दोन बिंदूंवरून रेषेचा चढ काढणं. दुसऱ्या टेबलावर स्पेशल एज्युकेशनच्या बाई तोच चढ आलेखकागदावर चौकोन मोजून काढून घेतात, किती उभे आणि किती आडवे. तिसरा गट आपापली गणितं सोडवतो. पंधरा मिनिटांनी गट बदलतात. चौकोन मोजायला सगळीच मुलं येतात, त्यामुळे मदत कोणाला हवी आहे हे वर्गाला कळतच नाही. पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलीलाही तेच चौकोन उपयोगी पडतात. हे बिघडतं ते एकाच कारणाने: दोघांना मिळून तयारी करायला सामाईक तासिका नसते. मग एक जण शिकवतो आणि दुसरा भिंतीशी उभा राहून मुलांना ‘वही उघड’ म्हणत फिरतो. बैठकीत विचारायचाच एक प्रश्न मला निवडायचा असेल तर मी हाच निवडीन: या दोन शिक्षकांना एकत्र तयारीचा वेळ आठवड्यातून किती मिळतो?

मुलासाठी मदतनीस मागायचा आई-वडिलांना फार मोह होतो. स्वच्छतेसाठी, सुरक्षिततेसाठी गरज असेल तर मागावाच. पण दिवसभर मोठं माणूस चिकटून बसलं की बाजूची मुलं आपल्या मुलाशी बोलायचं सोडतात, आणि शिक्षकही प्रश्न मुलाऐवजी मदतनिसाला विचारू लागतात. म्हणून मदतनीस कोणत्या तासाला, कशासाठी आणि कधीपर्यंत कमी करायचा, हेही आयईपीत लिहून घ्यावं.

आई, तुझी काळजी वेगळी होती, मित्र मिळतील का ही. 2023 पासून या राज्यात सरकारी शाळेतलं जेवण सगळ्या मुलांना फुकट आहे, त्यामुळे कोण गरीब हे रांगेत दिसत नाही. पण जेवणाची अर्धी सुट्टी हीच एकट्या मुलासाठी सगळ्यात कठीण वेळ. आवाज मोठा, टेबलं ठरलेली. बऱ्याच शाळांत त्या वेळी लायब्ररी किंवा एखादी खोली उघडी ठेवतात. रमजानात रोजे ठेवणारी मुलंही तिथे बसतात. अशी जागा कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारावं. मैत्री मात्र खरी जमते ती काहीतरी एकत्र केल्याने. ‘युनिफाइड’ बास्केटबॉलमध्ये मैदानावरच्या पाचांत बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असलेले तीन खेळाडू आणि दोन जोडीदार असतात, आणि सामने दुसऱ्या शाळांशी होतात. सराव शाळा सुटल्यावर असतो. पण मुलाची घरी जायची खास बस शाळा सुटताच निघते, आणि तिथेच सगळं अडतं. त्यासाठी उशिराच्या बसचीही मागणी बैठकीतच करायची.

शेवटचं, सगळ्यात दूरचं, पण आत्ताच माहीत हवं. या राज्यात पुढच्या आयुष्याची आखणी 14 व्या वर्षापासून आयईपीत यावी लागते. नोकरीचं शिक्षण, एकट्याने बसने प्रवास, पैशांचा व्यवहार, हे सगळं त्यात बसतं, आणि गरज असेल तर शाळा 22 व्या वाढदिवसापर्यंत शिकवते. मात्र मुलाने डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, घेतला की हा हक्क त्याच दिवशी संपतो. अठराव्या वर्षी सगळ्यांबरोबर टोपी-झगा घालून फोटो काढायचा आनंद आई-वडिलांना हवाच असतो. मंचावर जावं, समारंभात भाग घ्यावा, पण मुलाला अजून शिकायचं असेल तर डिप्लोमा स्वीकारू नये. हे दोन्ही एकत्र जमतं, अगोदर लिहून ठेवलं तर. आणि 18 पूर्ण झाल्यावर सहीचा हक्क मुलाचा होतो, तेव्हा निर्णय त्याने एकट्याने घ्यायचे की आई-वडिलांबरोबर मिळून, हे सतराव्या वर्षीच बोलून घ्यायचं.

त्यांची तिकिटं कधीची आहेत ते कळवा. रिपोर्टांचे फोटो आधी मला पाठवले तर तपासणीच्या पत्राचा मसुदा मी करून ठेवीन; त्यांनी नाव, जन्मतारीख आणि सही तेवढी घालायची. मूळ कागद मोठ्या बॅगेत टाकू नका म्हणावं, हातातल्या सामानात असू देत.

बाबा, बी.पी.ची गोळी वेळेवर घ्या. आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास की लगेच कळव.

तुमची लेक