ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल व्हिडिओवर? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. सोमवारी आमच्या महाविद्यालयात नोटीस लागली : टी.वाय.च्या मुलांनी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल यंदा व्हिडिओ पाहून जर्नलमध्ये उतरवायचं. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले, जागेवर कोणी नाही. रिक्त पदं भरू, हा शब्द तुमचा होता. त्यावर विसंबून मी मुलांना ‘थोडं थांबा’ म्हणत राहिले.

अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर हा विषय शिकवते. अवघड आहे, मान्य. पाठ करून भागत नाही. इलेक्ट्रॉन कुठून निघाले, कुठे गेले, ते दाखवणारे बाण स्वतःच काढावे लागतात. अॅसिटॅनिलाइडचं नायट्रेशन, म्हणजे त्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया, करताना भांडं बर्फात ठेवून आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं असतं. एका मुलानं घाईत भसकन ओतलं. पारा डोळ्यांदेखत चढला, तपकिरी धूर आला, मी त्याचा हात मागे ओढला. ‘उष्णता बाहेर पडते’ हे त्यानं वहीत कितीदा तरी लिहिलं होतं, कळलं त्या दिवशी. आज तो एमआयडीसीत रिअॅक्टरवर रात्रपाळी करतो. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, तेव्हा अशीच उष्णता चढत गेली होती. व्हिडिओतला पारा कुणाच्या अंगावर येत नाही, साहेब!

शुद्ध बेंझोइक अॅसिड 122 अंशांना वितळतं, अशुद्ध त्याआधीच. एका मुलीचं 116 लाच वितळलं. मी तीनदा परत पाठवलं, ती रडली. चौथ्यांदा 121 आलं. शेजारच्या जर्नलमधला आकडा उतरवणं सोपं होतं, तिनं उतरवला नाही. औषधाच्या गोळीची शुद्धता तपासायला मला अशीच मुलगी हवी.

आणि माझं म्हणाल, तर प्राध्यापकपदाची नेट परीक्षा झाली, पीएचडी झाली. मानधन वर्षातले नऊच महिने, तेही मार्चचं दिवाळीत. मे महिन्यात बारावीच्या शिकवण्या घेते, तेव्हा मुलाची फी भरते. विभागात मंजूर पदं सात, भरलेली दोन. जिल्ह्यात सगळीकडे हेच असणार. महाविद्यालयाचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की आठवड्यात भिंती रंगतात, त्याला पैसे निघतात. वर निकाल ऐंशी टक्क्यांच्या खाली आला, तर जाब मला विचारतात! मग सोपा पेपर काढा, मुलं पास करा, कारखान्यात पाठवा, आणि स्फोट झाला की चौकशी समिती नेमा. तुमच्या आधीच्यांनीही हेच केलं.

आम्हाला एक सहायक द्या. काचसामान आहे, रसायनं आहेत. बर्फ आजवर मी घरून आणला, पुढेही आणीन.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका