पगार एक तारखेला होतो का

सोनू,

परवा फोन तू ठेवलास की कट झाला मला अजून कळलं नाही, आई म्हणतीय ठेवलास. तू एवढ्या आनंदानं सांगायलीस की आमची कंपनी यंदा चाळीस दुकानं काढणार आणि मी मध्येच विचारलं पगार एक तारखेला होतो का. चुकलंच. आधी शाब्बास म्हणायला पाहिजे होतं. आता म्हणतो, शाब्बास. काल रविवार पेठेत माल भरायला गेलो तेव्हा तिघांना तुझं सांगून आलो, एकाला दोनदा सांगितलं.

पण चाळीस दुकानं एका वर्षात म्हणजे काय गं. बिग बझार 2001 ला सुरू झालं, केवढं पसरलं, आणि 2022 ला भाडी थकली म्हणून कितीतरी दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेतली. डीमार्ट 2002 चं, पवईत पहिलं दुकान. त्याच्या मालकांनी, दमाणींनी, जमेल तिथं जागा विकतच घेतल्या, त्यामुळं वेग कमी, तरी मार्च 2025 ला 415 झाली. अमेरिकेत दुकानांच्या धंद्यात ते सीअर्स एकेकाळी एक नंबर होतं, आणि वॉल्टननं 1962 ला वॉलमार्टचं पहिलं दुकान काढलं ते रॉजर्स नावाच्या बारक्या गावात, आपल्या खानापूरसारखं म्हण. आज वॉलमार्ट जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानवाल्यांत, सीअर्सनं 2018 ला दिवाळखोरी मागितली.

झालं, लेक्चर सुरू झालं माझं. सॉरी.

संतूदामुळं होतंय हे. त्याच्या मालकानं पण दर महिन्याला एक दुकान उघडलं, फुगे लावले, पेढे वाटले, पोरांचा पगार मात्र आधी दहाला, मग पंचवीसला, मग नाहीच. आम्ही एकदा त्याला भेटायला गेलो होतो, मी साबण घ्यायला हात घातला तर पुढं एकच ओळ ओढून लावलेली, मागं रॅक रिकामं. तेव्हाच समजलो, माल देणाऱ्यांनी हात आखडलाय. त्याला बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

तू दुसरीत असताना साखरेच्या पोत्यावर बसून उधारीची वही वाचायचीस, बैलहोंगलचं गिऱ्हाईक आलं की माझं कन्नड ऐकून हसायचीस आणि स्वतःच भाव सांगायचीस. एकदा अण्णांच्याच नावापुढं बाकी मांडलीस, साडेचार रुपये. त्यांनी दिले पण.

तर कंपनीत तू माझ्यापेक्षा जास्त शिकणार, मला माहीत आहे. फक्त एखाद्या दिवशी रॅकच्या मागं हात घालून बघ.

शेजारच्या पोराबरोबर कुंदा पाठवलाय. डबा आईचा आहे, परत पाठव. आणि एक तारीख शनिवारी येतीय, मेसेज आला की कळव.

पप्पा