बाबा, छापलेल्या किडनीची वाट पाहू नका

खारघर, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, समोर बसून किडनी प्रत्यारोपणाचा विषय काढला की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता आणि आई चहा टाकायला उठते. म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

थ्रीडी प्रिंटरने किडनी छापतात असा तुम्ही पाठवलेला तो व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. त्यातले डॉक्टर म्हणजे अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे अँथनी अटाला. भाषण २०११ सालचं आहे. त्यांच्या हातात होता तो किडनीच्या आकाराचा नमुना. तो रक्त गाळत नव्हता आणि कुणाच्या शरीरातही बसवलेला नाही. अटाला फार मोठे संशोधक आहेत, रुग्णांच्याच पेशी वाढवून तयार केलेली मूत्राशयं त्यांनी रुग्णांना बसवली आहेत. पण मूत्राशयाचं काम साठवण्याचं. एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सगळा रक्तात परत घेतात.

मी दिवसभर काय करते ते तुम्ही नेहमी विचारता. पेशी मिसळलेली जेल सिरिंजमध्ये भरायची, मग यंत्र सोऱ्यातून शेव पाडावी तसे थरावर थर घालत जातं. जेल जिलेटिनची, नाहीतर समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटची. दाब जास्त झाला तर पेशी मरतात, जेल पातळ राहिली तर आकार ढासळतो. नंतर सगळं ३७ अंशांवर इनक्युबेटरमध्ये. खरी अडचण पुढेच आहे. रक्तवाहिनीपासून ०.२ मिलिमीटरहून लांब पडलेल्या पेशीला पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही, आणि जाड तुकडा आतून मरायला लागतो. म्हणून पातळ गोष्टी आधी जमतात. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशींवर संशोधन करणारी संस्था यांनी मिळून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा छापला आणि २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतातच. २०१९ मध्ये तेल अवीवला माणसाच्या पेशींपासून छापलेलं हृदय सशाच्या हृदयाएवढं होतं. पेशी आकुंचन पावत होत्या, पण हृदय रक्त ढकलू शकत नव्हतं.

मग मी यात का आहे? २०१६ मध्ये हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या गटाने किडनीतली एक नागमोडी नळी छापली, गाळलेल्यातलं कामाचं परत घेणारी. तिच्यात सायक्लोस्पोरिन सोडल्यावर आतलं पेशींचं अस्तर कसं बिघडतं ते दिसलं. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जातं, तेच हे औषध. कुठलं औषध किडनीला इजा करतं हे माणसाच्याच पेशींवर आधी कळणं किती मोलाचं आहे, सांगा. २०२३ पासून आपल्याकडच्या औषध चाचणीच्या नियमांतही छापलेल्या ऊतींवरच्या चाचण्यांना जागा मिळाली आहे. या कामावर माझा जीव आहे. कधीतरी पूर्ण किडनीही होईल असं मला मनापासून वाटतं. पण तुमच्या गरजेच्या वेळेत नाही होणार, बाबा.

आठवड्यातून तीनदा चार-चार तास तुम्ही त्या खुर्चीत असता. डायलिसिसच्या दिवशी तलावपाळीपर्यंतही चालवत नाही. जितकी वर्षं अशी जातील तितका प्रत्यारोपणाचा फायदा कमी होत जातो. जिवंत दात्याची किडनी बरेचदा १५-२० वर्षं चालते. आईचा रक्तगट ओ, तुमचा बी, म्हणजे गट जुळतो. नवरा-बायको कायद्याने जवळच्या नात्यात येतात. 'तिच्या अंगाला सुरी लागायला नको' हे तुमचं म्हणणं मला कळतं, आणि त्यामागचं प्रेमही. पण दात्याची तपासणी इतकी कसून होते की जराही शंका आली तर डॉक्टरच नाही म्हणतात. शिवाय आई स्वतः मागे लागली आहे, तिचं ऐका ना. तिचं जमलं नाही तर माझी तपासणी करू. त्याच वेळी रुग्णालयामार्फत झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीच्या यादीतही तुमचं नाव घालू. ती यादी लांब आहे, म्हणून उशीर नको.

शनिवारी मी रजा घेतली आहे. साडेसातला नौपाड्यात पोचते. आई, तू उपाशीपोटी राहा, रक्त द्यायचं आहे. बाबांची डायलिसिसची फाइल आणि दोघांची आधार कार्डं काढून ठेव. लग्नाचं प्रमाणपत्र आणि लग्नातले फोटोही पुरावा म्हणून लागतात. अल्बम माळ्यावर आहे, तो मी आल्यावर काढेन. तू स्टुलावर चढू नकोस.

तुमची,
मनू